दोघांपुरता आडोसा

'पाळी' या शब्दाला शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले आणि मीही हसलो. मी जरा जास्तच हसलो असेन, कारण त्यानंतर दुपारभर माझा जबडा दुखत होता. एप्रिल एकसष्टची गोष्ट. शाळा सकाळची झाली होती आणि पेपर तपासायला म्हणून आम्ही सुटल्यावरही थांबत होतो. बाहेर यवतमाळचं ऊन मोकळं सुटलेलं, कौलं तापून कडकड वाजत होती, आणि कोपऱ्यातल्या माठाभोवती ओल्या गोणपाटाचा वास होता. हसणं थांबल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शास्त्राचा मास्तर मी, तेव्हा शेवटचा शब्द माझा होता. धर्मपालही पाहत होता. त्याचा चेहरा अजून अर्धवट हसरा होता. आपण काय विनोद केला ते त्याला कळलेलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही, तसं चालत नाही." आयुष्यात माझ्या हातून पुष्कळ खोटं बोललं गेलं आहे, पण शास्त्राच्या बाबतीत मी खोटं बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्याआधीचे दहा-बारा दिवस मी शाळेत मोठा माणूस झालो होतो. रशियाचा माणूस पृथ्वीभोवती फेरी मारून सुखरूप उतरला तेव्हापासून जो तो मला विचारी. तो वर तरंगला म्हणजे काय, जेवला कसा, खाली पडला का नाही. एरवी माझ्याशी कामापुरतं बोलणारे हेडमास्तरसुद्धा मला खुर्ची पुढे करू लागले होते. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे मला कळत होतं, तरी ती खुर्ची मला आवडली होती. मोठेपणा मिळाला की तो टिकवायला रोज काही नवं काढावं लागतं. मी नगर वाचनालयातून एक इंग्रजी मासिक आणलं, त्यात पुढच्या प्रवासांबद्दल लिहिलेलं होतं. पृथ्वीजवळ फेरी मारणं वेगळं, पण चंद्राकडे किंवा त्याही पलीकडे मंगळाकडे निघालेल्या माणसाला वाटेत सूर्याचं वादळ गाठू शकतं. सूर्यावर कधी कधी स्फोट होतो आणि डोळ्यांना न दिसणारे कण सगळीकडे उधळतात. आपल्यावर हवेचं पांघरूण आहे आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचं कुंपण आहे, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. गेल्या नोव्हेंबरात असं मोठं वादळ झालं तेव्हा दूरदूरची रेडिओ केंद्रं मुकी झाली होती. ते वाचल्यावर मला आठवलं की पुसदला माझ्या वडिलांकडे त्या आठवड्यात तीन रेडिओ दुरुस्तीला आले होते आणि तिन्हींतही काही बिघडलेलं नव्हतं. वडिलांनी ते तिन्ही खोलून पुसून परत दिले. त्या दिवसांत एखादा माणूस कुंपणाबाहेर असता तर, मासिकात लिहिलं होतं, त्याला काहीही जाणवलं नसतं. ऊन लागलं की डोकं धरतं, घसा कोरडा पडतो, माणूस सावली शोधतो. तिथल्या त्या उन्हाला झळच नाही. काही तासांनी ओकाऱ्या सुरू होतात, मग एक-दोन दिवस बरं वाटतं, मग केस हातात येतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस संपतो. मधल्या त्या बरं वाटण्याच्या दिवसांवर माझं मन फार रेंगाळलं. आपण मेलो आहोत हे ठाऊक असलेला माणूस त्या दोन दिवसांत काय करत असेल, जेवत असेल का, दाढी करत असेल का.

उपाय एकच लिहिला होता. यानाच्या पोटात, पाण्याच्या टाक्या आणि खाण्याची खोकी चहूबाजूंनी रचून एक आडोसा करायचा आणि वादळ सरेपर्यंत त्यात दडी मारायची. पण वजन फार, म्हणून आडोसा लहान. हे सांगितल्यावर खोलीत पुरेशी शांतता पसरली, आणि ती शांतता मला इतकी गोड वाटली की मी तिच्यात एक कोडं सोडलं. ते मासिकातलं नव्हतं, माझंच होतं. म्हणालो, समजा यानात तिघं आहेत आणि आडोसा दोघांपुरताच आहे. वादळ बारा तास चालणार. बाहेर राहणाऱ्याच्या अंगात सहाशे मापं जाणार आणि सहाशेला माणूस मरतो. तर कोणी बाहेर राहायचं? संस्कृतचे मास्तर पानाला चुना लावत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, तिघं आणि जागा दोन, म्हणजे हे आपलं घरचंच यान झालं की. सगळ्यांना एकदम कळलं. मला बोलण्याच्या भरात कळलं नव्हतं, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि मीही आता ठेवत नाही.

कारण शाळेत त्या वर्षी आम्ही तिघं कच्चे होतो. मी, गणिताचा धर्मपाल आणि मराठीच्या विमलताई. जूनपासून नववीची एक तुकडी बंद होणार होती आणि तिघांतल्या दोघांनाच कायम करणार हे शिपाई देवसिंगपासून सगळ्यांना ठाऊक होतं. विमलताई संस्थेच्या उपाध्यक्षांची भाची, त्यांची जागा पक्की धरलेली. राहिलो आम्ही दोघं. धर्मपालनं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, नाव बदललं होतं, सरकारी कागदावर ते नोंदवूनही आणलं होतं, तरी खोलीत त्याला मुद्दाम जुन्या वळणानं 'धर्माजी' म्हणत. माझं नाव कोणी बदलत नसे. ते उच्चारताना फक्त थोडं सांभाळून उच्चारत. त्या फेब्रुवारीत जबलपूरला दंगल झाली, तेव्हा आठवडाभर मी खोलीत शिरलो की वर्तमानपत्राची घडी व्हायची. हेडमास्तरांनी तर फार मायेनं, खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं की मुख्तार सर, तुमचं तिकडे पाकिस्तानात कोणी नाही ना. मी नाही म्हणालो. खरंच कोणी नव्हतं. पण ते 'नाही' मी इतक्या घाईनं म्हणालो की मलाच शंका आली.

तर कोडं पडलं आणि डोळे फिरू लागले. विमलताईंवरून ते लगेच सरकले. धर्मपालवर थोडे थांबले. मग माझ्यावर आले आणि तिथेच राहिले. नुसते डोळे. माझ्या मानेवर घाम होता तो गार झाल्यासारखा वाटला. माझ्यात आणि त्या डोळ्यांत काही पांघरूण नाही, कुंपण नाही, असं वाटलं, आणि मी माझाच आवाज ऐकला: "उदाहरणार्थ, धर्मपाल सर." मास्तर लोकांचा हा फार सोयीचा शब्द आहे. उदाहरणार्थ म्हटलं की कोणालाही फळ्यावर उभं करता येतं. डोळे लगेच माझ्यावरून उठले. ते उठले तेव्हा मला किती बरं वाटलं, ते सांगायची लाज वाटते. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पोटात उतरतं तसं वाटलं.

धर्मपालला राग आला नाही. तो माणूस गणित समोर आलं की बाकी सगळं विसरायचा. बोटांना लागलेला खडू दुसऱ्या हाताच्या तळव्यावर पुसत त्यानं विचार केला आणि म्हणाला, "बाहेर राहून कोनी कायले मरन, सर? तिघाहीनं पाळी लावाची." संस्कृतचे मास्तर म्हणाले, यानात बायका नाहीत हो धर्माजी. बस, खोली फुटली. हेडमास्तरसुद्धा चष्मा काढून डोळे पुसू लागले. विमलताईंनी पेपरांचा गठ्ठा उचलला आणि त्या बाहेर निघून गेल्या. आणि त्या हसण्यातच, तोंड उघडं आणि जबडा ताणलेला असताना, माझ्या डोक्यात हिशेब होऊन गेला होता. बारा तासांचे तीन भाग. प्रत्येकानं चार तास बाहेर. सहाशेचे तीन भाग दोनशे. दोनशे मापांनी माणूस आजारी पडतो, ओकतो, केस थोडे जातात, पण बहुधा वाचतो. तिघंही आजारी पडले असते आणि तिघंही घरी आले असते. मी आठ दिवस ते मासिक उशाशी घेऊन झोपत होतो आणि मला हे सुचलं नव्हतं. मला कोण बाहेर एवढंच सुचलं होतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो की नाही, तसं चालत नाही.

घरी जाताना मी सावली टाळत चाललो. का, ते मला सांगता यायचं नाही. आझाद मैदानाच्या कडेनं झाडं होती, तरी मी मधून चाललो. डोकं तापत होतं, डांबर वहाणांना चिकटत होतं, आणि मी मनाशी म्हणत होतो की हे ऊन प्रामाणिक आहे, हे निदान कळतं. कुराणाच्या आयता मला पाठ आहेत, पण खरं सांगायचं तर लहानपणापासून मी नमाज पढावी तसा मन लावून फक्त पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला. तिथे कोणाची जात नव्हती. दगड खाली पडायचा तो कोणाचंही नाव न विचारता पडायचा. आणि आता मी त्या दगडाला सांगितलं होतं की तू वर जा, कारण खाली हेडमास्तर हसत उभे आहेत. माझी बायको मलिका हिनं दार उघडून विचारलं की चेहरा असा का झाला, तर मी म्हणालो ऊन लागलं. तिनं कांदा किसून तळपायांना लावला. तिला तेवढाच उपाय ठाऊक होता, आणि मी पाय पुढे करून मुकाट्यानं तो करून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धर्मपालनं मला फाटकाशी गाठलं. सायकल हातात धरून तो माझ्याबरोबर चालू लागला. त्याच्या मनात काल घरी गेल्यापासून तेच घोळत होतं. म्हणाला, "म्या सहाशे भागिले तीन केलतं. तुमी नाई म्हनले म्हून म्या मानलं. पन माहं चुकलं कोठं, ते समजून राह्यलं नाई." मी एक क्षण थांबलो. तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो: त्याच्या सायकलच्या घंटीवर ऊन, आणि रस्त्यापलीकडे एक म्हातारी काकड्यांवर पाणी शिंपडते आहे. तेव्हा सांगून टाकता आलं असतं. मी त्याला म्हणालो की हे कण साधे नसतात, त्यांची बेरीज अशी सरळ होत नाही, पहिला तडाखाच खरा मारतो. त्यानं मान हलवली. त्याला पटलं नव्हतं, पण माझ्या शिक्षणावर त्याचा विश्वास होता. दोन दिवसांनी नववीतल्या पोरांकडून कळलं की त्यानं वर्गात तो हिशेब फळ्यावर मांडला आणि आपणच त्यावर काट मारून सांगितलं की माझं चुकलं होतं, मुख्तार सरांनी दुरुस्त केलं. पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

पण त्या दिवशी रस्त्यात त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. पाळीचं त्याला सुचलं ते काही एकदम नव्हे. त्याचे वडील बाबाराव जिनिंगमध्ये होते. तिथे रेच्यांपाशी, म्हणजे जिथे यंत्रात कापूस घालून सरकी वेगळी करतात तिथे, एक जागा अशी असते की सगळी धूळ छातीत जाते. जो तिथे कायम उभा राहिला तो दोन हंगामांत खोकायला लागतो आणि तिसऱ्यात गळतो. मग मजुरांनी आपसांत ठरवलं. "अर्धा अर्धा घंटा पाळीनं बंदे जन, सारेच्या सारे, तिथं उभे राह्यतेत," धर्मपाल म्हणाला. "खोकला बंद्याहिले येते, पन मरत कोनी नाई. मालकानं मना केलती. म्हने काम थांबते. तवा गेल्या साली चार दिवस रेचे बंद ठेवले मजुराहिनं." हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. वर्गात एखादी रीत समजावावी तसा तो सांगत होता. आणि मग त्यानं खरं काम काढलं. दोन जागांचे जेवढे तास आहेत ते आपण तिघांनी वाटून घेऊ. तिघांनाही कमी मिळेल, पण कोणी घरी बसणार नाही. वर्ष-दीड वर्षात तुकडी वाढली की झालं. अर्ज त्यानं लिहून आणला होता. "तुमी आत सांगसान तं ऐकतीन. माहं कोन ऐकते?" मी हो म्हणालो. खरोखर मनापासून हो म्हणालो. त्या रस्त्यावर, त्या उन्हात, माझ्या मनात काही काळं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

विमलताईंनी त्या अर्जावर सही केली. ज्यांची जागा पक्की होती, ज्यांना काही गमवायची गरज नव्हती, त्यांनी वाचलं, पेन मागितलं आणि सही करून टाकली. म्हणाल्या, सर, मामांना आवडणार नाही, पण मला हे बरोबर वाटतं. धर्मपालनं कागद माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, सहीपेक्षा तोंडानं सांगितलेलं जास्त वजनदार असतं, मी आत बोलेन. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. त्याला यात काही खटकलं नाही. माणसं ओळखायच्या बाबतीत तो अगदी कच्चा होता, आणि हे लिहिताना मला त्याचाच राग येतो, की इतकं कच्चं राहायचा कोणाला काय अधिकार आहे.

त्या दिवसांत मला सारखा रहेमानचाचा आठवत होता. अठ्ठेचाळीस सालचा सप्टेंबर. पैनगंगेपलीकडे निजामाचं राज्य मोडत होतं आणि अलीकडे पुसदला आमच्या मोहल्ल्यात लोक दारं लावून बसले होते. एक दिवस बाजारात काही लोकांनी माझे वडील, अब्दुल गनी, यांना दुकानातून उठवून उभं केलं. पलीकडे रझाकारांत तुझं कोण आहे, असं विचारलं. वडील पेट्रोमॅक्स दुरुस्त करत होते, हातात काचेचा गोळा होता. ते म्हणाले, माझं कोणी नाही, रहेमानचा मेहुणा आहे म्हणतात. एवढंच वाक्य. रहेमानचाचा आमच्या शेजारी राहायचा. तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरातून वाकडा झाला होता आणि तो मग कधीच सरळ झाला नाही. मी चौदा वर्षांचा होतो. दुकानात मागच्या बाजूला बसून वाती कापत होतो, मी सगळं ऐकलं होतं. पुढे प्रत्येक ईदला रहेमानचाचाकडून शीरखुर्मा यायचा आणि वडील तो न बोलता प्यायचे. माझी आई हुस्नाबी एकदा म्हणाली, त्याला ठाऊक नाही का? वडील म्हणाले, ठाऊक असतं तर पाठवला असता का. मला वाटायचं, त्याला ठाऊक होतं. मला वडिलांची शिसारी यायची. त्या शिसारीवरच मी शिकलो, पुसद सोडलं, मास्तर झालो. आता त्या अर्जावरच्या बैठकीच्या आदल्या दिवशी आरशासमोर दाढी करताना मी मुद्दाम वडिलांसारखा चेहरा करून पाहिला. फारसं काही करावं लागलं नाही.

बैठक हेडमास्तरांच्या खोलीत भरली. दुपारी तीनचा सुमार. खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडलेले, देवसिंग बाहेरून त्यांवर पाणी मारत होता, आणि आत शिरल्याबरोबर असा गार, ओला, गोडसर वास आला की माझे खांदे आपोआप खाली आले. बाहेर व्हरांड्यात धर्मपाल बाकावर बसला होता. त्याला बोलावलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली होती. आत उपाध्यक्ष, हेडमास्तर आणि चिटणीस पूनमसिंगजी. पूनमसिंगजी म्हणजे गावातल्या एका मोठ्या जिनिंगचे मालक. मला खुर्ची दिली. त्यांच्यासमोर धर्मपालनं पाठवलेला अर्ज उघडा पडला होता. पूनमसिंगजींनी अगदी सौम्यपणे विचारलं, "मास्टरजी, तुमची यावर सही नाही. तुमचं मत काय?"

मला बाहेरचं ऊन आठवत होतं. पाठीमागे पडदा होता, त्यातून गार हवा माझ्या मानेवर येत होती, आणि मला कळत होतं की मी आत आहे. एवढंच मला कळत होतं. हे वाक्य बोललो तर आत राहीन, ते वाक्य बोललो तर उठावं लागेल. आडोशात शिरलेल्या माणसाला बाहेरच्याचा चेहरा दिसत असेल का, हा विचार मी पूर्वी पुष्कळदा केला होता. दिसत नाही. मधे पाण्याच्या टाक्या असतात. मी बोलायला लागलो आणि पुष्कळ बोललो. शिक्षणाचा दर्जा म्हणालो, मुलांचं नुकसान म्हणालो, अर्धवट मास्तर ठेवण्यापेक्षा पूर्ण मास्तर बरा म्हणालो. तेवढं पुरेसं होतं. उपाध्यक्षांची मान हलत होती, हेडमास्तर खूश होते. मी तिथे थांबू शकलो असतो. पण घाबरलेल्या माणसाला पुरेसं म्हणजे किती ते कळत नाही. मी म्हणालो, "शिवाय हे शाळेचं नाही, जिनिंगमधल्या मजुरांचं तंत्र आहे. रेच्यांपाशी पाळी लावतात तसलं. उद्या चार दिवस शाळा बंद ठेवतील."

पूनमसिंगजींच्या हातात वहीचा पुठ्ठा होता, त्यानं ते वारा घेत होते. तो थांबला. "कुणाच्या जिनिंगमधलं?" त्यांनी विचारलं. आवाज तसाच सौम्य. मी म्हणालो, मला कल्पना नाही. आणि ते म्हणता म्हणताच म्हणालो, त्यांचे वडील कुठेतरी आहेत म्हणतात, बाबाराव की काय नाव. ते 'की काय' मी फार सहज म्हणालो. नाव मला पक्कं ठाऊक होतं. पूनमसिंगजींनी काही लिहून घेतलं नाही, नुसती मान हलवली, आणि पुठ्ठा पुन्हा हलू लागला. बाहेर आलो तेव्हा धर्मपाल उठून उभा राहिला. मी म्हणालो, बोललो, बघू काय करतात. तो म्हणाला, "लय वेळ लागला. तुमाले तरास झाला असंन." त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात हुकूम निघाला. विमलताई आणि मी कायम झालो. हेडमास्तरांनी पेढे मागवले आणि म्हणाले, बघा, आमच्याकडे भेदभाव नाही. त्या वाक्याचा अर्थ मला कळला: पुढची पंचवीस-तीस वर्षं मी त्यांचा पुरावा म्हणून त्या खुर्चीवर बसणार होतो. विमलताईंनी पेढा घेतला नाही. मी घेतला. मलिकाला सांगितलं तेव्हा ती रडली. तिला आमच्या होणाऱ्या मुलाची काळजी होती, आणि मीही स्वतःला हेच कारण सांगून पाहिलं. कारण खरं होतं. पण हिशेबात ते बसवलं तरी उत्तर तेच यायचं. त्या आठवड्यात रोज सकाळी मी उशी तपासायचो, केस पडले आहेत का म्हणून. वेडेपणा होता, मला कळत होतं. केस पडत नव्हते. मला भूक लागत होती, झोप लागत होती, आणि आरशात मी पूर्वीपेक्षा बरा दिसत होतो.

मग एका सकाळी धर्मपाल माझ्या घरी आला. मी ओसरीवर होतो, पळून जायला जागा नव्हती. तो खाटेवर बसला, मलिकानं चहा आणला. त्याला महागावकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर जागा मिळाली होती, दोन दिवसांनी निघायचं होतं. म्हणाला, तुमाले भेटल्याबिगर जानं बरं नाई वाटलं. देवसिंगनं त्याला सांगितलं होतं, मुख्तार सर आत लय वेळ बोलून राह्यलते, पडद्यावर पाणी मारताना आवाज येत होता. "तुमी माह्यासाठी बोलले," तो म्हणाला. "झालं नाई ते जाऊ द्या. आमच्यासाठी आतमंदी जाऊन बोलनारा मानूस म्या पह्यल्यांदा पाह्यला." मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. असंच काहीतरी म्हणालो, कर्तव्य वगैरे. त्याचे आभार मी घेतले. हात पुढे केला, त्यानं तो दोन्ही हातांत धरला, आणि मी धरू दिला.

चहा अर्धा झाल्यावर तो म्हणाला, बाबालेही काढलं जिनिंगमधून. मी कप ठेवला. तो कपाकडे पाहत बोलत होता. "पूनमसिंग शेटनं नाव घेऊन बलावलं. बत्तीस वर्सं झाले तिथं, शेटले बाबाचं नाव कधी मालूम नव्हतं. त्या दिवशी म्हने, बाबाराव कोन? बाबा हात वर करून पुढं झाले. त्याहिले वाटलं, काही बक्षीस हाये." आतून मलिकाच्या बांगड्यांचा आवाज येत होता. "सर, तुमी आत होते," तो म्हणाला. "जिनिंगची गोठ तिथं कोनी काढली असंन?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मी विचार केला नाही. विचार करायला लागणारा वेळच मला नको होता. म्हणालो, "विमलताईंनी घरी काही सांगितलं असेल. उपाध्यक्ष त्यांचे मामाच ना."

धर्मपालनं माझ्याकडे पाहिलं. गणित समोर आलं की तो जसा पाहायचा तसंच, शांतपणे, एक एक पायरी तपासत. मग म्हणाला, "विमलताईले म्या जिनिंगचं काही सांगतलं नव्हतं. कोनालेच नाई. ते म्या फक्त तुमाले सांगतलं होतं."

त्यानं आवाज चढवला नाही. उरलेला चहा तसाच ठेवला, उठला, आत वळून म्हणाला, येतो भाभी, आणि पायऱ्या उतरून सायकल काढली. मला काही म्हणाला नाही. मी उंबऱ्यात उभा राहून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत होतो. मलिकानं विचारलं, त्यांनी चहा का टाकला? मी म्हणालो, घाईत होते. तो हे कोणाकोणाला सांगेल, याची मी यादी करू लागलो. हेडमास्तर, संस्कृतचे मास्तर, देवसिंग, विमलताई. एकेक नाव घेतलं आणि एकेक खोडलं. त्याचं कोण ऐकणार, असं माझ्या मनात आलं, आणि मला बरं वाटलं.